आमच्या मागें याचें कोण?

ज्या घरांत एखादें अपंग मूल वाढत असतें त्या घरांत एक प्रश्न सहसा कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. पण दिवसाचीं कामें उरकून आईबाप अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हां तो दोघांच्याही मनांत जागा असतो. आमच्या मागें याचें कोण? या प्रश्नाविषयीं आज आपणांशीं बोलावें असें मीं योजिलें आहे. ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांच्यासाठीं तर हें भाषण आहेच. परंतु ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनींही तें ऐकावें अशी माझी विनंती आहे, कारण या प्रश्नाच्या उत्तराचा कांहीं भाग त्यांच्याही हातीं असतो.

अशीं घरें थोडीं नाहींत. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत सुमारें २ कोटि ६८ लक्ष अपंग माणसांची नोंद झाली. त्यांतील २९ लक्षांहून अधिक एकट्या महाराष्ट्रांतील होतीं. त्या वेळीं जो कायदा लागू होता त्यांत, म्हणजे १९९५ च्या कायद्यांत, अपंगत्वाचे सातच प्रकार गणलेले होते. २०१६ च्या नव्या कायद्यानें ते एकवीस केले आणि स्वमग्नता, वाचनलेखनाची विशिष्ट अडचण, स्नायूंचे व रक्ताचे कांहीं आजार यांनाही त्यांत स्थान दिलें. सरकारी कागदोपत्रीं आतां ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द कोणताही वापरला तरी आपल्या चाळींत, वाड्यांत अगर इमारतींत असें एखादें मूल आहे हें निश्चित. तें आपल्या दृष्टीस पडत नसेल तर तें घराच्या आंतच राहत असावें, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या मागें याचें कोण, या प्रश्नाचें उत्तर आईबाप बहुधा उतारवयांत शोधूं लागतात. कोणी बँकेंत ठेव ठेवतो, कोणी घर नांवावर करतो, कोणी थोरल्या मुलाकडून वचन घेतो. हें सर्व आवश्यक असलें तरी अपुरें आहे. या प्रश्नाचें खरें उत्तर मुलाच्या पहिल्या वर्षापासून थोडें थोडें तयार करावें लागतें. मूल स्वतःच्या हातानें जें काम करूं लागतें तें एक काम, त्याला नांवानें ओळखणारें घराबाहेरचें एक माणूस, आणि त्याच्या हक्काचा वेळेवर केलेला एक कागद, अशा लहान लहान गोष्टींची ती शिदोरी असते. ती कशी बांधावी एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

या कामांतील पहिला अडथळा बाहेरचा नसून मनांतला असतो. मुलांत कांहीं उणें आहे असें कळलें कीं घरांत दोषाचें माप घालणें सुरू होतें. गरोदरपणीं ग्रहण पाहिलें होतें काय, कोणाच्या घराण्यांत असें होतें, मागच्या जन्मीचें काय देणें होतें, अशी चौकशी शिकल्यासवरल्या घरांतही चालते, आणि तिचा सगळा भार अखेर आईच्या माथीं येतो. श्रोतेहो, या बाबतींत शास्त्रानें जें सांगितलें आहे तें स्पष्ट आहे. डाऊन्स सिंड्रोम या नांवानें ओळखली जाणारी अवस्था शरीराच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असल्यामुळें उद्भवते, हें १९५९ मध्यें फ्रान्समध्यें सिद्ध झालें. स्वमग्नतेचें कारण आईच्या वागण्यांतील थंडपणा असें म्हणणारें एक मत गेल्या शतकाच्या मध्यास पश्चिमेकडे बोकाळलें होतें. पुढें तें पूर्णपणें खोटें ठरलें. ग्रहणाचा आणि गर्भाच्या व्यंगाचा कोणताही संबंध नाहीं. तेव्हां आईनें अपराध्याप्रमाणें मान खालीं घालावी असें यांत कांहींही नाहीं. जी शक्ति पश्चात्तापांत खर्च होते ती मुलाच्या कामीं यावयास हवी.

दुसरा अडथळा वाट पाहण्याचा. “बोलेल हो, याचा बापही उशिरांच बोलला,” हें वाक्य प्रेमानें उच्चारलें जातें. पण त्यानें कित्येक मुलांचीं दोन दोन वर्षें वाया गेलीं आहेत. लहान मुलाचा मेंदू पहिल्या कांहीं वर्षांत ज्या झपाट्यानें घडतो तो झपाटा पुढें राहत नाहीं. बाळ तीन महिन्यांचें झालें तरी आईकडे पाहून हंसत नसेल, वर्ष झालें तरी ‘बा-बा’, ‘दा-दा’ असे नाद काढीत नसेल, बोटानें वस्तु दाखवीत नसेल किंवा नांवानें हांक मारल्यास वळून पाहत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोड बोलत नसेल, अथवा आलेले शब्द नाहींसे होऊं लागले असतील, तर आणखी सहा महिने थांबूं नये. बालरोगतज्ज्ञास दाखवावें. त्यांतून कांहीं निघालें नाहीं तर एक फेरी फुकट गेली एवढेंच होईल.

ऐकण्याच्या बाबतींत तर महिनेसुद्धां मोलाचे असतात. जन्मानंतर एका महिन्याच्या आंत श्रवणाची प्राथमिक चांचणी व्हावी, तीन महिन्यांच्या आंत निश्चित निदान व्हावें, आणि सहा महिन्यांच्या आंत उपायांस आरंभ व्हावा, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. चांचणींत बाळाला कांहीं दुखत नाहीं. तें झोपलेलें असतांनाही ती होते. सरकारच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत, जो २०१३ मध्यें सुरू झाला, अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोन वेळां आणि सरकारी शाळांतील मुलांची एक वेळां तपासणी करण्याची योजना आहे, आणि शंका आलेल्या बालकांसाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं शीघ्र हस्तक्षेप केंद्रें ठेवलेलीं आहेत. शहरांतील सुशिक्षित कुटुंबें अशा सरकारी सोयींकडे वळत नाहींत, कारण त्या गरिबांसाठीं आहेत असा त्यांचा समज असतो. तो समज सोडावा. एकाच ठिकाणीं अनेक प्रकारचे तज्ज्ञ खाजगींत गांठावयाचे म्हटलें तर पैसा आणि वेळ यांचा किती चुराडा होतो हें अनुभवी आईबापांस विचारावें.

निदान झालें कीं तिसरें संकट दाराशीं येतें. तें म्हणजे बरें करून देतों असें सांगणारांचें. कोणी नवस सांगतो, कोणी पुडी देतो, आणि कोणी पांढरा डगला घालून लाखों रुपयांचें मूळपेशींचें इंजेक्शन सुचवितो. स्वमग्नतेवर मूळपेशींचा उपचार करण्याची शिफारस करतां येत नाहीं, असें मत राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळानें २०२२ मध्यें दिलें आहे. मिरगी, दृष्टि, श्रवण, झोंप, पचन यांचे जे विकार मुलाला जोडून असतात त्यांवर औषधोपचार जरूर करावा. परंतु मुलाची मूळ घडण बदलून देण्याचें आश्वासन जो देतो त्याला आपल्या आशेचा भाव कळलेला असतो. अशा मुलांची खरी प्रगति शिक्षणानें होते, आणि तें शिक्षण सावकाश चालतें.

हें शिक्षण आपल्याकडे कसें आलें याचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत मुंबईंत बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, १८८७ मध्यें अमृतसरला अंधांची शाळा निघाली, आणि १९०० मध्यें अॅना मिलार्ड या बाईंनीं मुंबईंत अंध मुलींना शिकविण्यास आरंभ केला. दादरची अंध मुलींची शाळा ती हीच. हीं कामें मुख्यतः मिशनऱ्यांचीं. पुढें मात्र एक निराळा प्रवाह सुरू झाला. १९४४ मध्यें होरमसजी आणि तेहमिना वकील या पारशी दांपत्यानें आपल्या दीना या मुलीसाठीं मुंबईंत शाळा काढली. दीनाला डाऊन्स सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळा नव्हती. आज शिवडीची जय वकील संस्था म्हणून जी आपण ओळखतों तिचा उगम या एका मुलींत आहे. १९७२ मध्यें मिठू अलूर यांनीं आपली मुलगी मालिनी हिच्यासारख्या, मेंदूच्या पक्षाघातानें हातपाय आणि वाचा अडलेल्या, मुलांसाठीं संस्था स्थापिली. त्या मालिनी चिब पुढें मुंबईच्या झेवियर महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या, लंडनला जाऊन उच्च शिक्षण घेतें झाल्या, आणि एका बोटानें अक्षरें दाबून त्यांनीं आपलें आत्मचरित्र लिहिलें. तें २०१० मध्यें प्रसिद्ध झालें. १९९१ मध्यें दिल्लीस मेरी बरुआ यांनीं आपल्या मुलाच्या निमित्तानें स्वमग्न मुलांसाठीं काम उभें केलें. या तिन्ही ठिकाणीं आरंभ आईबापांनीं केला, आणि त्याचा लाभ शेंकडों परक्या मुलांना झाला.

यांत एका मराठी घराचेंही नांव घेतलें पाहिजे. जन्मानें अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लुंडी निंबकरांच्या घरीं येऊन कमलाबाई झाल्या. दुबळ्या झालेल्या हातापायांना नित्याच्या कामांतूनच पुन्हां कामाला लावण्याचें जें शास्त्र, ज्याला व्यवसायोपचार म्हणतात, त्याचें विद्यालय त्यांनीं १९५० मध्यें परळच्या केईएम रुग्णालयांत सुरू केलें. आज मुलाला चमचा धरावयास, गुंडी लावावयास, पेन्सिल पकडावयास शिकविणारे जे उपचारक आपल्याला भेटतात त्यांच्या विद्येचा आपल्या देशांतील पाया तो आहे.

आतां कायदा आणि कागद यांकडे वळूं. बरेच आईबाप अपंगत्वाचें प्रमाणपत्र घेण्याचें टाळतात. मुलाच्या कपाळीं शिक्का बसेल, पुढें त्याला शाळा घेणार नाहीं, मुलगी असेल तर लग्न जमणार नाहीं, अशी भीति असते. या भीतीचा आदर करूनही मला सांगावेंसें वाटतें कीं प्रमाणपत्रानें अपंगत्व येत नाहीं आणि प्रमाणपत्र नसल्यानें तें जात नाहीं. जाते ती सवलत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला, सहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेंत किंवा आईबापांच्या पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क २०१६ च्या कायद्यानें दिला आहे. साधारण मुलांना शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षीं सोडतो. या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत धरून ठेवतो. शिवाय पुस्तकें व साधनें, परीक्षेंत लेखनिक आणि जादा वेळ, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट, उच्च शिक्षणांत सरकारी व अनुदानित संस्थांत पांच टक्के राखीव जागा, या सर्वांची वाट त्या एका कागदावरून जाते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शनाप्रमाणें परीक्षेंत तासामागें किमान वीस मिनिटें अधिक मिळावयास हवींत. आतां या प्रमाणपत्राबरोबर देशभर चालणारें एक ओळखपत्रही मिळतें. अर्ज संगणकावरून करतां येतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयांत होते.

शाळा कोणती निवडावी, हा प्रश्न मला पुष्कळ वेळां विचारण्यांत येतो. त्याला सर्वांस लागू पडेल असें उत्तर नाहीं. अंध मूल ब्रेल लिपि शिकलें, चालतांना दिशा ओळखावयास शिकलें, तर तें साधारण शाळेंत उत्तम शिकूं शकतें. सहा टिंबांची ती लिपि भारतीय भाषांसाठीं १९५१ पासून एका समान पद्धतीनें बसविलेली आहे, त्यामुळें मराठी पुस्तकेंही तींत वाचतां येतात. बहिऱ्या मुलाला प्रथम भाषा हवी. ती वाचेची असो वा हातांच्या खुणांची. खुणा शिकविल्यानें मूल बोलावयाचें राहतें ही समजूत निराधार आहे. भाषेवांचून राहिलेलें मूल विचारांतही मागें पडतें, ही भीति खरी आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश आतां तयार आहे, आणि आईबापांनीं ती भाषा मुलाबरोबर शिकावी. बुद्धि चांगली असून वाचतां, लिहितां, हिशेब करतां ज्यांना विलक्षण अडचण येते अशा मुलांना विशेष शाळेची गरज नसते. त्यांना निराळ्या रीतीनें शिकविणारा शिक्षक आणि परीक्षेंतील सवलत पुरते, व महाराष्ट्रांत अशी सवलत १९९६ पासून दिली जात आहे. ज्या मुलाची बुद्धि मंद गतीनें वाढते त्याला लहानपणीं साधारण बालवाडींत सोबत्यांचा लाभ होतो. पुढें वर्गांत तें नुसतें बसून राहूं लागलें तर विशेष शाळा त्याच्या अधिक कामाची ठरते. ज्यांना घर सोडणेंच अशक्य आहे अशा तीव्र अपंग मुलांसाठीं शिक्षकानें घरीं येऊन शिकविण्याचीही तरतूद कायद्यांत आहे.

म्हणून शाळा पाहण्यास जातांना इमारत आणि निकाल यांपेक्षां कांहीं साध्या गोष्टी विचाराव्या. विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेंत नोंदणी आहे काय? माझ्या मुलासाठीं या वर्षीं कोणतीं उद्दिष्टें ठरविणार, आणि तीं मला लिहून देणार काय? त्याला स्वच्छतागृहांत कोण नेईल? सहलीला आणि स्नेहसंमेलनाला त्याला घेणार काय? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून शाळेचें मन कळतें. प्राथमिक वर्गांत दहा अपंग मुलांमागें एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागें एक विशेष शिक्षक असावा, असें प्रमाण सर्वोच्च न्यायालयानें २०२१ च्या ऑक्टोबरांत दिलेल्या निकालांत घालून दिलें आहे. सर्वत्र तें अद्याप साधलेलें नाहीं. पण पालकांनीं एकत्र येऊन शाळेकडे व शिक्षणखात्याकडे मागणी करावयाची तर तिला आतां न्यायालयाच्या शब्दाचा आधार आहे.

शाळा कितीही चांगली असली तरी मुलाचे जागेपणचे बहुतेक तास घरींच जातात. तेथें आईबापांनीं शिक्षक होऊन फळ्यापुढें उभें राहावें असें मी म्हणत नाहीं. घरचीं कामें हाच त्यांचा अभ्यासक्रम. सदरा घालावयाचें शिकवावयाचें असेल तर सगळा सदरा आपण घालावा आणि शेवटची एक गुंडी मुलाला लावूं द्यावी. ती जमली कीं शेवटच्या दोन. अशा रीतीनें मागून पुढें आल्यास प्रत्येक वेळीं काम पुरें करण्याचा आनंद मुलाच्या वांट्याला येतो, आणि तोच आनंद त्याला दुसऱ्या दिवशीं पुन्हां बसवितो. जेवणाचीं ताटें मांडतांना माणसें मोजावीं, तितक्या वाट्या काढावयास सांगावें. मटार सोलणें, पोळीला तूप लावणें, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करणें, वाण्याकडून एक वस्तु आणून उरलेले पैसे परत देणें, यांत बोटांचा व्यायाम आहे, गणित आहे आणि व्यवहार आहे. वेळ थोडा द्यावा पण ठरलेला द्यावा. सकाळचीं पंधरा मिनिटें आणि संध्याकाळचीं पंधरा मिनिटें रोज दिलीं तर रविवारच्या तीन तासांपेक्षां तीं अधिक फळतात. आणि मूल धडपडत असतांना आपला हात मागें ठेवण्यास शिकावें. घाईच्या वेळीं त्याच्या पायांत मोजे आपण घालतों, आणि नकळत तें काम त्याच्याकडून जन्मभरासाठीं काढून घेतों.

भाषेविषयीं एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. मूल इंग्रजी शाळेंत जातें म्हणून घरांतही इंग्रजीच बोला, दोन भाषांनीं तें गोंधळेल, असा सल्ला पुष्कळ घरांना मिळतो, आणि मग आजी त्या मुलाशीं बोलेनाशी होते. दोन भाषा कानांवर पडल्यानें अशा मुलांची वाढ खुंटते असें संशोधनांत आढळलेलें नाहीं. ज्या भाषेंत आईला अंगाईगीत सुचतें, ज्या भाषेंत आजोबा थट्टा करतात, तींतच मुलाशीं बोलावें.

वयांत येणाऱ्या मुलामुलींना आपल्या शरीराची ओळख सोप्या शब्दांत करून देणें हेंही आईबापांचेंच काम आहे. कोणाला स्पर्श करूं द्यावा, कोणाला नाहीं म्हणावें, आणि कांहीं घडल्यास कोणाला सांगावें, हें त्यांना पुन्हां पुन्हां शिकवावें. संकोचामुळें हा विषय टाळला तर जें मूल सर्वांत दुबळें तेंच सर्वांत बेसावध राहतें.

मुलाविषयीं एवढें बोलल्यावर आईबापांविषयींही बोललें पाहिजे. अशा घरांत आई नोकरी सोडते, मैत्रिणी सुटतात, लग्नामुंजीला जाणें बंद होतें. बाप पैसे मिळविण्याच्या निमित्तानें अधिकाधिक वेळ बाहेर काढूं लागतो, कारण घरीं आल्यावर काय करावें हें त्याला सुचत नाहीं. दोघेही थकतात आणि एकमेकांना दिसेनासे होतात. याला उपाय आहे तो असा कीं मुलाचीं कांहीं कामें नेमून बापाकडे द्यावीं, उदाहरणार्थ स्नान किंवा संध्याकाळचा फेरफटका, आणि आठवड्यांतून कांहीं तास आईला पूर्णपणें मोकळे मिळावे. त्या तासांत तिनें काय केलें हें कोणी विचारूं नये. भावंडांना वयाला समजेल अशा शब्दांत खरें सांगावें. त्यांच्या वाढदिवसाला, परीक्षेला आणि रुसव्याला घरांत जागा असावी. दहा वर्षांच्या बहिणीकडून ‘मी दादाला जन्मभर सांभाळीन’ असें वदवून घेणें हा तिच्यावर अन्याय आहे. प्रेम असलें तर तें ती मोठेपणीं आपण होऊन करील.

आणि अशा दुसऱ्या आईबापांना गांठावें. डॉक्टर सांगूं शकत नाहीं असें पुष्कळ त्यांना ठाऊक असतें: कोणत्या न्हाव्याकडे मूल शांत बसतें, कोणत्या कार्यालयांत कोणता कागद लागतो, पहिल्या वर्षाचें दुःख दुसऱ्या वर्षीं कसें असतें. पालकांच्या अशा संघटना आज अनेक शहरांत आहेत, आणि ‘परिवार’ या नांवानें त्यांचा एक अखिल भारतीय संघही आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. मूल अठरा वर्षांचें झालें कीं कायद्याच्या दृष्टीनें तें सज्ञान होतें, आणि आईबापांचें नैसर्गिक पालकत्व संपतें. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बँकेंत सहीचा प्रश्न निघाला म्हणजे ती कळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व या चार अवस्थांसाठीं १९९९ मध्यें राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्या कायद्याखालीं जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरील स्थानिक समितीकडे अर्ज करून सज्ञान मुलासाठीं कायदेशीर पालक नेमून घेतां येतो. पालक नेमणें सर्वांनाच जरूर नसतें. जो तरुण थोड्या आधारानें आपले निर्णय घेऊं शकतो त्याचा तो अधिकार काढून घेऊं नये. याच न्यासाची ‘निरामय’ नांवाची आरोग्यविमा योजना असून तींत एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय आहे. सरकारी नोकरीतील आईबापांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, उपजीविका करूं न शकणाऱ्या अपंग अपत्याला नियमांतील अटींनुसार आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळूं शकतें; त्याचें नांव सेवेंत असतांनाच कार्यालयाच्या दप्तरीं नोंदवून ठेवलें तर पुढची धांवपळ वांचते. मालमत्तेसंबंधानें जाणत्या वकिलाच्या सल्ल्यानें मृत्युपत्र करावें, आणि पैसा सरळ मुलाच्या हातीं न ठेवतां विश्वस्तांमार्फत त्याच्यासाठीं खर्च होईल अशी व्यवस्था पाहावी.

ज्यांना जवळचे नातेवाईक नाहींत त्यांनीं काय करावें? येथेंही पालकांनींच वाट काढलेली आहे. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या आईबापांनीं एकत्र येऊन उभारली. आपल्या मागें मुलें कोठें राहतील हा प्रश्न त्यांनीं एकेकट्यानें न सोडवितां सर्वांनीं मिळून हातीं घेतला. अशा संस्था गरजेच्या मानानें फार थोड्या आहेत. म्हणून त्यांचा विचार आईबापांनीं साठीनंतर करूं नये, चाळिशींत करावा. आपण धडधाकट आहों तोंपर्यंत मुलाला तेथें अधूनमधून चार दिवस राहण्याची संवय लावावी.

आणखी एक काम असें आहे कीं त्याला एक पैही खर्च नाहीं. एक साधी वही घ्यावी. तिच्यांत मुलाची औषधें व त्यांच्या वेळा, त्याचे डॉक्टर, त्याचे कागद कोठें आहेत, याची नोंद करावी. पण तेवढ्यावर थांबूं नये. त्याला वरणभात कसा कालवलेला लागतो, कोणत्या आवाजाला तें भितें, पोटांत दुखूं लागलें म्हणजे तें कसें वागतें, कोणतें गाणें लावलें कीं शांत होतें, हेंही लिहावें. आईच्या मनांत असलेलें हें सर्व ज्ञान तिच्याबरोबर नाहींसें होतें आणि मग परकें माणूस त्या मुलाला हट्टी ठरवितें. वर्षांतून एकदां, मुलाच्या वाढदिवशीं, ती वही पुन्हां वाचून सुधारावी.

शेवटीं, ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं त्या श्रोत्यांस दोन शब्द. आपण मोठें दान करावें अशी अपेक्षा नाहीं. हळदीकुंकवाचें बोलावणें करतांना त्या आईला सांगावें, “मुलालाही घेऊन या,” आणि तें मूल आल्यावर त्याच्याशीं त्याच्या नांवानें बोलावें. आपल्या मुलांना त्याच्याशीं खेळूं द्यावें. खेळाचे नियम तीं आपोआप बदलून घेतात. जिन्याशेजारीं उतरंड बांधण्याचा ठराव इमारतीच्या सभेंत आला तर खर्चाचें कारण सांगून तो पुढें ढकलूं नये. आपल्या दुकानांत, छापखान्यांत, कचेरींत त्याच्याजोगें एखादें काम असेल तर तें त्याला द्यावें आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. ज्या मुलाला गल्लींतील वीस माणसें नांवानें ओळखतात तें मूल आईबापांच्या मागें अगदींच एकटें पडत नाहीं. तीं वीस माणसें आज, आईबाप हयात असतांना, जोडावीं लागतात, आणि त्यांत आपलें एक नांव घालणें आपल्या हातीं आहे.